चालत नऊ मिनिटं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलात गेल्या महिन्यात आम्ही दोघं दोन रात्री राहिलो. त्याबद्दल लिहायचं आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापावं लागलं तर माझं कौतुकाचं कापा, मोजमापं मात्र ठेवा, एवढी विनंती.

मी ससून रुग्णालयात 1985 ते 2016 अशी 31 वर्षं परिचारिका होते. निवृत्तीनंतर आम्ही कऱ्हाडला सासरच्या घरी राहायला गेलो. नोकरीच्या काळात आमचं घर कासारवाडीला होतं. लोकलने पुणे स्टेशन आणि तिथून पायी ससून, हा माझा रस्ता. दिवसपाळी असो, रात्रपाळी असो, जुलैचा पाऊस असो, मी तो चालत आले. त्यामुळे स्टेशनच्या आसपास चालण्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

आमच्या यजमानांचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बदलला. वय 71. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, त्यामुळे तपासणीलाही पुण्यातच यावं लागतं. डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट परत परत सांगितली आहे: चाला. रोज चाला, न चुकता चाला. ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं आहे की कृष्णेच्या घाटापर्यंतची सकाळची फेरी पावसाळ्यातही चुकत नाही.

आमची मुलगी बंगळूरला असते. या वेळी हॉटेल तिनेच बुक केलं. "आई, नातेवाइकांकडे तीन-तीन जिने चढत बसू नका. हे स्टेशनजवळ आहे, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे. मी सगळं विचारून घेतलंय." तिने फोनवर बुकिंगचा कागद पाठवला, त्यात लिहिलं होतं: पुणे रेल्वे स्थानक 700 मीटर, चालत 9 मिनिटं. ते वाचून हे फार खूश झाले. म्हणाले, रिक्षाच नको.

कोयना एक्स्प्रेसने दुपार कलताना आम्ही उतरलो. सामान म्हणाल तर चाकांची एक बॅग, खांद्याला एक पिशवी आणि एक्स-रेची मोठी पिशवी. बाहेर आल्यावर मी तरीही रिक्षा विचारली. पहिल्याने हॉटेलचं नाव ऐकून मान हलवली, दुसऱ्याने दीडशे रुपये सांगितले. त्यांच्यावर मी रागावलेली नाही. तासभर रांगेत थांबून एवढ्याशा अंतराचं भाडं मिळालं तर घर कसं चालणार? आम्ही चालत निघालो.

नऊ मिनिटांच्या त्या रस्त्याला आम्हाला 35 मिनिटं लागली.

सुरुवातीचा तुकडा बरा होता. मग फुटपाथवर ओळीने दुचाक्या लावलेल्या लागल्या, म्हणून रस्त्यावर उतरलो. त्या संपल्यावर परत वर चढायला गेलो तर फुटपाथ इतका उंच की ह्यांना पाय टाकता येईना. गुडघा बदललेल्या माणसाला चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी ऑपरेशनचा पाय टाकायला शिकवतात. पण त्यासाठी हाताला कठडा लागतो. इथे धरायला काहीच नव्हतं. मी पुढे होऊन हात दिला, तोल माझाही जाईल असं वाटलं आणि आम्ही तो नाद सोडला. रस्त्याच्या कडेनेच चालू लागलो. मागून बसचे हॉर्न.

पुढे बॅगेचं एक चाक गटाराच्या लोखंडी जाळीत रुतलं. जाळीच्या पट्ट्या आम्ही चालत होतो त्याच दिशेला उभ्या बसवलेल्या होत्या. आडव्या बसवल्या असत्या तर चाक अडकलंच नसतं, सायकलचंही नाही आणि चाकाच्या खुर्चीचंही नाही. मी वाकून बॅग ओढत होते आणि हे माझ्या आणि गाड्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. नवा गुडघा, एका हातात एक्स-रेची पिशवी, दुसरा हात वर करून बसला थांबा म्हणतायत. 41 वर्षांच्या संसारात मी त्यांच्यासाठी इतकी घाबरले नव्हते.

रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे होते. पण दुभाजकावरची लोखंडी जाळी सलग होती, पट्ट्यांच्या समोरसुद्धा. पट्ट्यांवरून गेलेल्या माणसाने अर्ध्यात पोहोचून काय करायचं? आम्ही पुढे चौकापर्यंत गेलो आणि पलीकडून तेवढंच अंतर परत आलो.

हॉटेलच्या फाटकाशी आलो तेव्हा दोघंही घामाघूम झालो होतो. आडवा दांडा, त्याच्यापुढे गाड्या अडवायची लोखंडी पट्टी, त्यापुढे पोर्चकडे चढत जाणारा गाड्यांचा उतार. तिथल्या सुरक्षारक्षकाने आम्हाला थांबवलं.

"काका, पायी एन्ट्री नाहीये इथून."

"मग कुठून आहे?"

तो गोंधळला. "मागच्या बाजूला स्टाफचं गेट आहे. पण तुम्ही गेस्ट ना? गेस्ट गाडीनेच येतात. चालत कोणी येत नाही."

मुलगा उद्धट नव्हता. उलट त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची ह्यांना बसायला दिली, वॉकीटॉकीवर कोणाला तरी विचारलं आणि परवानगी आल्यावर बॅग स्वतः उचलून वर नेऊन दिली. गाड्यांच्या त्या उतारावरून आम्ही वर गेलो, एका बाजूने गाड्या येत होत्या, कठडा नव्हता. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. हा त्याच्यापेक्षा पुष्कळ खडा होता. सवयीने माझ्या डोळ्यांना ते कळतं. स्ट्रेचर आणि व्हीलचेअर ढकलण्यात माझा निम्मा जन्म गेला.

सुरक्षा कशाला, असं मी अजिबात म्हणणार नाही. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि 17 जणांचा जीव गेला. त्या रात्री मी ड्यूटीवर होते. तेव्हापासून कोणी माझी बॅग तपासली की मला बरंच वाटतं. आमच्याही बॅगा यंत्रातून गेल्या, आम्ही चौकटीतून गेलो, छान झालं. पण गाडीतल्या माणसाची तपासणी होऊ शकते तर पायी आलेल्या माणसाचीही होऊ शकते. त्याला अडवायचं कारण सुरक्षा असूच शकत नाही. त्याच्यासाठी दारच ठेवायचं राहून गेलंय, एवढंच.

आत गेल्यावर सगळं उत्तम. काउंटरवरच्या मुलीने ह्यांची काठी बघून न सांगता लिफ्टजवळची खोली दिली. बाथरूममध्ये दांडा होता, घट्ट बसवलेला, मी हलवून पाहिला. न्हाणीत बसायला स्टूल मागितलं तर दहा मिनिटांत आलं. नाश्त्याला इडली, पोहे, पपई, हवं ते. खोली नवव्या मजल्यावर. खिडकीतून स्टेशनच्या छपरांची लांबलचक ओळ आणि ससूनच्या जुन्या दगडी इमारतीचा मनोरा दिसत होता. काच दुहेरी असल्यामुळे खालचा काहीही आवाज वर येत नव्हता. संध्याकाळी एक लोकल सुटली, ती अगदी नीरव सरकत गेली. एकेकाळी त्या लोकलसाठी मी जिना धावत उतरायची. बराच वेळ मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला एक मुलगी आली. तेवीस-चोवीसची असेल. तिने पलंगाची चादर बदलली आणि मी बघतच राहिले. चादरीचा कोपरा उचलून गादीवर तिरका टाकायचा, खालची लोंबती बाजू आत सारायची, मग तिरका भाग खाली ओढून गच्च खोचायचा. पंचेचाळीस अंशांची घडी. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हेच शिकवलं होतं आणि सुरकुती राहिली तर सिस्टर ट्यूटर सगळी चादर ओढून काढायच्या. या मुलीची एका झटक्यात झाली. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंडही तिने दाराच्या विरुद्ध बाजूला केलं, ते तर हल्ली वॉर्डातही कोणी पाळत नाही. मी तिला म्हटलं, "बाळा, कोणी शिकवलं ग तुला इतकं नीट?" ती हसली. मग बोलणं झालं.

ती लोकलने येते. गावाचं नाव लिहीत नाही, मुलीची नोकरी आहे. स्टेशनवरून चालत येते आणि दुपारपाळी असली की रात्री अकरानंतर चालत परत स्टेशनला जाते. मी विचारलं, त्या फुटपाथवरून? म्हणाली, "नाही मावशी, तिथून नाही जात कोणी. अंधार असतो आणि मधे डबे आहेत विजेचे. आम्ही चौघीपाचजणी मिळून रस्त्यानेच जातो. एखादी आधी सुटली तर खाली थांबते बाकीच्यांसाठी." हे ती अगदी सहज सांगत होती, पाणी पीत. माझ्या घशाशी आवंढा आला. 1985 मध्ये रात्रपाळीला जाताना आम्हीसुद्धा स्टेशनवर एकमेकींसाठी थांबायचो. 40 वर्षं झाली. तिच्या गणवेशाचं कापड आमच्यापेक्षा चांगलं आहे, हॉटेल काचेचं आहे, स्टेशनसमोरून मेट्रो 1 ऑगस्ट 2023 पासून धावते आहे. आणि मुली अजून एकमेकींसाठी खाली थांबतायत.

तिसऱ्या दिवशी पहाटे मला झोप लागेना. सहा वाजता खाली उतरले. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप असते. आधी ती घेऊन पहिल्या दिवशीच्या फुटपाथशी गेले. रस्त्यापासून उंची 14 इंच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती 150 मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे 6 इंच. विजेचा डबा आणि भिंत यांच्यामधली मोकळी जागा 19 इंच. त्याच सूचनांप्रमाणे चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी पाहिजे, म्हणजे 71 इंच. 19 इंचातून मी आडवी होऊन गेले. चाकाची खुर्ची जाणं शक्यच नाही. पोटुशी बाई कशी जाईल?

मग हॉटेलच्या मागच्या गेटसमोर एका बंद टपरीच्या पायरीवर बसले आणि मोजत राहिले. सव्वासहा ते सात, पाऊण तासात 53 माणसं पायी आत गेली. स्वयंपाकघरातली, लॉन्ड्रीतली, बागेतली, इलेक्ट्रिशियन, पांढरा शर्ट हँगरला लावून हातात धरून आलेले दोन वाढपी. चालत कोणी येत नाही, असं ज्या हॉटेलच्या पुढच्या फाटकावर सांगतात त्याच हॉटेलच्या मागच्या फाटकाची ही गोष्ट. त्या रक्षकाचा यात दोष नाही. तो स्वतःही चालतच आला असणार.

माझ्या नोकरीतली सहा वर्षं मी हाडांच्या वॉर्डात होते. तिथे खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी विचारायची, कशाने झालं? मोठा अपघात फार थोड्यांचा असायचा. बहुतेकांचं उत्तर एकच, पाय अडकला. फरशी वर आली होती, पायरीचा अंदाज चुकला, दगड हलला. साठीनंतर बाईचं हाड ठिसूळ झालेलं असतं, बसल्याजागी आपटायचं निमित्त पुरतं. मग ऑपरेशन, मग महिनोन्महिने अंथरूण, मग पाठीला जखमा, छातीत कफ. चालती-फिरती आलेली बाई परत चालत घरी गेली नाही, असं मी किती वेळा पाहिलंय. एवढी उंच कड दिसली की मला त्या बायका डोळ्यांसमोर दिसतात. यात अतिशयोक्ती नाही.

हे सगळं नवीन मागतेय असंही नाही. पुणे शहराचं पादचारी धोरण 2016 मध्येच मंजूर झालं आहे. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो, गाड्या बंद ठेवून माणसं रस्त्यावरून मोकळी फिरतात, मला तो उपक्रम मनापासून आवडतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरता येणं हा पादचाऱ्याचा घटनेच्या 21 व्या कलमातला हक्क असल्याचं म्हटलं, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही 2016 चा आहे आणि त्यातल्या सुगम्यतेच्या अटी खासगी इमारतींनाही लागू आहेत. कागद भरपूर झालेत. स्टेशनच्या दगडी इमारतीला 2025 मध्ये 100 वर्षं झाली. ती उघडली 1925 मध्ये, तेव्हा उतारू टांग्याने जायचे नाही तर पायी जायचे. आजही त्या दारातून बाहेर पडणारी बरीच माणसं पायीच निघतात, हातात पिशव्या, कडेवर मूल, पाठीवर आजारी माणसाचे कपडे. ससूनमध्ये पेशंट ठेवून रात्री स्टेशनवर पाठ टेकायला जाणारे नातेवाईक मी वर्षानुवर्षं पाहिलेत. हा फुटपाथ त्यांचाही आहे.

हॉटेलचं आणि रस्त्याचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. त्या हॉटेलात लोकांनी आम्हाला फार मायेने वागवलं आणि एकट्या त्यांनाच दोष दिला तर तो अन्याय होईल. स्टेशनाच्या परिसरातल्या बाकीच्या मोठ्या हॉटेलांनीही आपापलं फाटक एकदा बाहेर उभं राहून बघावं. पाहुणे म्हणून नको, हातात बॅग घेऊन, गाडीशिवाय. आडव्या दांड्याच्या शेजारी चार फुटांचं एक दार, त्याच्यापासून पोर्चपर्यंत सौम्य उतार, एका बाजूला कठडा आणि रात्रभर दिवा. खोल्यांच्या आणि झुंबरांच्या खर्चापुढे याचा खर्च किती येणार? मागच्या गेटच्या गल्लीतही दिवा लावा. रात्री सुटणाऱ्या मुलींना स्टेशनपर्यंत सोडायला एक छोटी गाडी ठेवा, त्यांच्याकडून चादरीची एक सुरकुती तुम्ही खपवून घेत नाही.

आणि रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं की सगळं शहर एकदम सुधारायला मी सांगत नाही. स्टेशनच्या दारापासून निघून एका दिशेला 700 मीटर घ्या. कड 6 इंचांवर आणा, विजेचे डबे भिंतीला सरकवा, जाळी आडवी बसवा, पट्ट्यांसमोरचा दुभाजक कापा, दिवे लावा. चारपाच कामं आहेत.

शेवटच्या दिवशी त्याच रक्षकाने आम्हाला टॅक्सी बोलावून देऊ का म्हणून विचारलं. ह्यांनी नको म्हटलं आणि चालत निघाले. मी बॅग घेऊन रस्त्याच्या बाजूने चालले, हे आतून. 28 मिनिटं लागली.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. आम्ही कोयनेनेच येऊ. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांच्यापैकी कोणाला सोबत चालून बघायचं असेल तर त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावं. मी त्यांना स्टेशनच्या मुख्य दाराशी भेटेन, टेप माझ्याकडे आहे. त्यांनी फक्त एक चाकांची बॅग आणावी, भरलेली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कऱ्हाड